खबारच्या काठावरची चाकं

इसवी सनापूर्वी 593. जेरुसलेमहून बंदी करून आणलेल्या ज्यूंची एक वस्ती बाबिलोनिया मुलखात, निप्पूर शहराच्या परिसरातल्या एका कालव्याकाठी होती. बायबलमध्ये त्याला खबार नदी म्हटलं आहे. निप्पूरला सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरही या कालव्याचं नाव आहे. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने चार वर्षांपूर्वी यहूदाच्या यहोयाखीन राजासह जी माणसं उचलून आणली, त्यांत यहेज्केल नावाचा पुरोहित होता. त्याला इथे जे दिसलं, त्यावरून उडत्या तबकड्यांचे अभ्यासक आणि बायबलचे अभ्यासक आजही हुज्जत घालतात.

उत्तरेकडून वादळ येतं. ढगात आग धुमसते आहे. आगीतून चार प्राणी निघतात; प्रत्येकाला माणूस, सिंह, बैल आणि गरुड असे चार चेहरे, चार पंख. प्रत्येकाशेजारी जमिनीवर एक चाक, चाकात आणखी चाक, धावांवर सगळीकडे डोळे. ही चाकं न वळता चारही दिशांना जातात. वर स्फटिकासारखं छत, त्यावर नीलमण्यासारखं सिंहासन, आणि सिंहासनावर माणसासारखं कोणीतरी. ‘सारखं’ हा शब्द यहेज्केल पुन्हा पुन्हा वापरतो. आपली भाषा अपुरी पडते आहे, हे त्याला लिहितानाच कळत होतं.

या मजकुरात यान शोधण्याची ओढ मात्र फार जुनी नाही. 24 जून 1947 रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं, वृत्तपत्रांनी ‘उडती तबकडी’ हे नाव रूढ केलं, आणि थोड्याच वर्षांत लोक धर्मग्रंथांतून तबकड्या वेचू लागले. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड मेन्झेल यांनी उलट बाजू मांडली: उंच ढगांतल्या हिमकणांमुळे सूर्याला जे खळं पडतं आणि दोन्ही बाजूंना तेजस्वी ठिपके दिसतात, तेच यहेज्केलने पाहिलं असावं. 1968 मध्ये एरिक फॉन डेनिकेन यांचं पुस्तक आलं आणि ‘देव म्हणजे अंतराळवीर’ ही कल्पना घरोघरी पोचली.

या मांडणीतला सगळ्यात गंभीर माणूस म्हणजे योझेफ ब्लुमरिच. हा मूळचा ऑस्ट्रियाचा, नासाच्या हंट्सव्हिल केंद्रातला अभियंता. डेनिकेनना खोडून काढायला आपण बसलो आणि उलट मतच पालटलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याच्या आराखड्यात शंकूसारखं यान आहे, खाली हेलिकॉप्टरसारखे चार भाग आणि पाय. न वळता बाजूला सरकणाऱ्या चाकाचं पेटंटही त्याला 1974 मध्ये मिळालं. त्याच्या मेहनतीचा मला आदर वाटतो. पण यहेज्केल वाचून चालणारं चाक बनवता आलं, म्हणून यहेज्केलने तसं चाक पाहिलं होतं असं होत नाही. शिवाय असं वाचन चेहरे, पंख, डोळे यांना यंत्राचे भाग ठरवतं आणि ते कुठून आले हे विचारतच नाही.

शब्दही फसवतात. आगीच्या गाभ्यातली चमक सांगायला यहेज्केल ‘हश्मल’ हा शब्द वापरतो. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी त्याला ‘एलेक्ट्रॉन’ म्हटलं, म्हणजे अंबर (झाडाच्या राळेचा पिवळसर खडा) किंवा सोन्याचांदीचा मिश्रधातू. एकोणिसाव्या शतकात हिब्रू कवी येहुदा लेब गॉर्डन यांनी तोच शब्द विजेसाठी घेतला आणि आज इस्राएलमध्ये विजेला हश्मलच म्हणतात. आता कोणी म्हणेल, बघा, यहेज्केलला वीज माहीत होती! आपल्याकडे ‘विमान’ शब्दाचं हेच झालं. देवांचं आकाशगामी वाहन, प्रासाद, दक्षिणेत गाभाऱ्यावरचं शिखर हे त्याचे अर्थ आधीचे; एरोप्लेनला तो शब्द आपण नंतर दिला आणि मग पोथीत एरोप्लेन वाचू लागलो. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये तपासला. तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरी 2015 मध्ये मुंबईला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू लोक, एलियाहू हन्नबीला फार मानतात. तोच अग्निरथातून स्वर्गात गेलेला संदेष्टा. तबकडीवाल्यांनी त्याचंही यान केलं आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आहेत अशी या समाजाची श्रद्धा आहे. त्याच्या नावाने पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा केला जातो.

यहेज्केलच्या चाकांसाठी आकाशात बघायची गरजच नाही असं मला वाटतं. ती जेरुसलेमच्या मंदिरात होती. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात शलमोनाच्या मंदिरातल्या दहा पितळी चौरंगांचं वर्णन आहे. प्रत्येकाला चार चाकं, रथाच्या चाकांसारखी. आख, तुंबे, आरे, धावा सगळं ओतीव. बाजूच्या फळ्यांवर सिंह, बैल आणि करूब, म्हणजे पंखवाले स्वर्गीय प्राणी. पुरोहित घराण्यातल्या मुलाला हे चौरंग आपल्याला देवळातली समई परिचयाची असावी तसे परिचयाचे असणार. आणि मेसोपोटेमियात राजवाड्यांच्या दारांशी माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल उभे केले जात; निमरूदला खणून काढलेले असे पुतळे ब्रिटिश म्युझियममध्ये आज पाहता येतात.

त्या वस्तीतल्या लोकांना छळणारा प्रश्न असा की, देव जेरुसलेमच्या मंदिरात राहतो आणि आपण शेकडो कोस दूर आहोत, मग आपलं कोण? यहेज्केलला दिसलेल्या सिंहासनाला चाकं आहेत. त्याच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात तीच चाकं मंदिरातून देवाचं तेज घेऊन निघतात. अकराव्यात ते शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर जाऊन थांबतं. मंदिर त्यानंतर काही वर्षांनी जळालं. बंदिवासाच्या बाराव्या वर्षी जेरुसलेमहून निसटलेला एक माणूस वस्तीत पोचला आणि त्याने यहेज्केलला सांगितलं, नगर पडलं.