कँडी: नाव खड्याचं, अंग काचेचं

‘कँडी’ हा शब्द आपण इंग्रजी म्हणून वापरतो, पण त्याचं मूळ संस्कृतात सापडतं. संस्कृतात ‘खण्ड’ म्हणजे तुकडा. उसाचा रस आटवून गोठलेल्या साखरेच्या तुकड्यालाही तेच नाव होतं. फारसीत त्याचा ‘कंद’ झाला (गुलकंदातला तो हाच, जमिनीखालच्या कंदाशी त्याचं नातं नाही), अरबीत ‘कंदी’ आणि जुन्या फ्रेंचमधून वाट काढत मध्ययुगात तो इंग्रजीत ‘शुगर कँडी’ म्हणून पोचला. अर्थ सरळ होता, आपली खडीसाखर. त्यातली ‘शुगर’सुद्धा ‘शर्करे’वरूनच आलेली, आणि शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, वाळू. दोन्ही शब्दांत गोडीचा उल्लेखच नाही! ज्यांनी नावं ठेवली त्यांच्या डोळ्यांत भरला तो साखरेचा खडा.

पुढे ‘शुगर’ गळून पडली आणि कँडीचा अर्थ पसरला. अमेरिकेत आज गोळ्या, टॉफी, चॉकलेट हे सगळं कँडीतच मोडतं. ब्रिटनमध्ये त्याच गोष्टींना ‘स्वीट्स’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘लॉलीज’.

पण खरी गंमत स्वयंपाकघरात आहे. जुनी कँडी म्हणजे स्फटिक, तर आजची कडक, पारदर्शक कँडी म्हणजे स्फटिक होऊ न दिलेली साखर.

20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. असा गच्च पाक निवू लागला की पाण्याला सगळी साखर धरून ठेवता येत नाही. त्यात दोरा सोडून भांडं न हलवता ठेवलं, तर साखरेचे रेणू दोऱ्यावर रांगेत, एकावर एक बसत जातात आणि काही दिवसांत टपोरे खडे तयार होतात. घाई केली, पाक ढवळला, तर एका वेळी हजारो ठिकाणी स्फटिक सुरू होतात आणि हाती नुसता रवा येतो.

कडक कँडीसाठी पाक 150 अंशांच्या आसपास नेतात. तोवर त्यात जेमतेम एखाद-दोन टक्के पाणी उरलेलं असतं. आता तो निवताना इतका घट्ट होत जातो की रेणूंना रांगेत बसायला फुरसतच मिळत नाही, जो जिथे असेल तिथेच अडकतो. भौतिकशास्त्रात अशा पदार्थाला काच म्हणतात. खिडकीच्या काचेसारखीच ही काच, फक्त वाळूऐवजी साखरेची. आत स्फटिकांच्या कडा नसल्याने प्रकाश विखुरत नाही, म्हणून गोळी आरपार दिसते.

तरीही पाक ‘दाणे धरतो’ ही आचाऱ्यांची जुनी डोकेदुखी. त्यावर उपाय म्हणजे त्यात परका पाहुणा घुसवणं. ग्लुकोज सिरपचे रेणू वेगळ्या आकाराचे, त्यांच्यामुळे साखरेची रांग मोडते. लिंबाचा रस हेच काम आडवाटेने करतो: आम्लामुळे काही साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. मात्र साखरेच्या काचेला ओलावा फार प्रिय. हवेतलं पाणी शोषलं की ती मऊ पडते, कागदाला चिकटते.

हा दोष सगळ्यात लवकर दिसतो तो ‘कॉटन कँडी’त, कारण तिचे तंतू केसाहून बारीक. तिचं यंत्र 1897 मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हॉर्टन यांनी बनवलं. मॉरिसन हे दंतवैद्य होते, यावर टिप्पणी नको. आत साखर वितळते, फिरत्या भांड्याच्या छिद्रांतून बाहेर फेकली जाते आणि हवेतच काच होते. कापूस-बाजारातली ‘कॉटन कँडी’ मात्र निराळी. तिथे कँडी म्हणजे आपली खंडी, साधारण 356 किलो रुईचं माप. दातांना तिचा धोका नाही, पण व्युत्पत्ती पाहिली तर मूळ पुन्हा तेच, ‘खण्ड’.

खड्याजवळ एक गोष्ट अशी आहे जी तशी सहज दिसत नाही. कडक साखर, मग ती खडीसाखर असो की साधी, अंधारात फोडली तर चमकते, असं इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने 1620 मध्ये नोंदवलं होतं. स्फटिक तडकताना त्याच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार जमतात, मधल्या फटीत ठिणगी पडते आणि हवेतला नायट्रोजन क्षणभर उजळतो. त्यातला बराचसा प्रकाश अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. म्हणून खोलीत पूर्ण काळोख करून, डोळे सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबावं आणि मग पक्कडीत खडीसाखरेचा खडा धरून दाबावा. फिकट निळसर झळक दिसते, तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत विझते.