छडी, चटका आणि कलम २७: मुलांना मारण्याची कायदेशीर हद्द कुठून आली?

आईबापांनी मुलाला मारू नये, असं सरळ सांगणारं कलम भारताच्या कोणत्याही केंद्रीय कायद्यात आजही नाही. शाळेत मारायला बंदी आहे, बालगृहात आहे. घरात मात्र नाही. ही फट का राहिली ते कळायला १८६० च्या भारतीय दंड संहितेपर्यंत मागे जावं लागतं.

त्या संहितेतलं कलम ८९ (आजच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम २७) असं होतं: बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने, पालकाने किंवा त्याच्या संमतीने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. संमती उघड दिलेली असो वा गृहीत धरलेली, दोन्ही चालतात. कलमाखाली दिलेलं उदाहरण मुद्दाम वाचावं. बाप मुलाचा मुतखडा शस्त्रवैद्याकडून काढून घेतो; त्यात जीव जाऊ शकतो हे त्याला ठाऊक असतं, पण मूल बरं व्हावं एवढाच हेतू असतो. माराबद्दल त्यात एक शब्द नाही. शस्त्रक्रियेचं उदाहरण देणारं हे कलम छडीच्या बचावाला लागू झालं ते पुढे न्यायालयांत.

त्याच १८६० साली इंग्लंडमध्ये ईस्टबर्नच्या एका शिक्षकाने मारलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. शिक्षकाला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. पण त्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितलेलं तत्त्व दीर्घकाळ टिकलं: पालकाला किंवा गुरुजींना ‘माफक आणि वाजवी’ शारीरिक शिक्षा करता येते. आपल्याकडच्या निकालांतही हेच माप दिसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या घाटगे प्रकरणात (१९४९ च्या निकालसंग्रहात) मुलगा पंधरा वर्षांचा होता, त्यामुळे कलम ८९ लागूच नव्हतं. तरी मुलाला शाळेत घातलं म्हणजे शिस्तीचा अधिकारही शाळेला दिला, असं धरून मुख्याध्यापकांना कलम ८८ चं, म्हणजे संमतीने आणि सद्भावनेने हितासाठी केलेल्या कृतीला मिळणारं, संरक्षण मिळालं.

शाळेतली छडी नियमात बसवलेली होती, हेही आज अनेकांना ठाऊक नसतं. दिल्लीच्या १९७३ च्या शालेय नियमांत तळहातावर जास्तीत जास्त दहा छड्यांची मुभा होती. आजारी मुलाला मारायचं नाही आणि प्रत्येक शिक्षेची नोंद ठेवायची, अशी अट होती. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये ती तरतूद रद्द केली. गोव्याच्या २००३ च्या बालक कायद्याने शाळांतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने ती देशभर आणली. पण त्या कलमाने होते ती सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई, तुरुंगवास नाही. जुनं मापही गेलेलं नाही. पाच आणि आठ वर्षांच्या दोन बहिणींना पट्टीने मारल्याच्या प्रकरणात दोषी ठरलेल्या शिक्षिकेची शिक्षा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ मध्ये रद्द केली.

बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये शारीरिक शिक्षेची व्याख्या ‘कोणत्याही व्यक्तीने’ अशी व्यापक आहे. शिक्षेचं कलम ८२ मात्र फक्त बालसंगोपन संस्थांपुरतं: पहिल्यांदा दहा हजारांचा दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. घरापर्यंत पोहोचतं ते कलम ७५. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण, छळ किंवा दुर्लक्ष करून ‘अनावश्यक’ त्रास दिला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळं घोडं अडतं ते ‘अनावश्यक’ या शब्दावर.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ८९ जवळजवळ शब्दशः कलम २७ झालं, मुतखड्याच्या उदाहरणासकट. दीडशे वर्षांनी हा बचाव तपासून पाहण्याची संधी आली होती, ती गेली. तरी त्याला हद्दी आहेत. पुरेशी काळजी न घेता केलेली कृती सद्भावनेची धरली जात नाही. मुलाला जाणूनबुजून गंभीर दुखापत केली तर, जीव वाचवणं किंवा गंभीर आजार बरा करणं अशी कारणं सोडता, हा बचाव मिळत नाही. हाड मोडणं, दात तुटणं, एका कानाचं ऐकू येणं कायमचं जाणं, हे सगळं गंभीर दुखापतीत येतं. म्हणून कानाखाली मारलेली एक चपराकही महागात पडू शकते. उलथनं तापवून चटका दिला तर कलम ११८ लागू शकतं, कारण त्यात तापलेल्या वस्तूचा उल्लेख आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

तक्रार अडते ती बहुतेकदा पोलीस ठाण्यात. साधी दुखापत, म्हणजे न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र आहे. २०२१ च्या दुरुस्तीने बाल न्याय कायद्यातले तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे गुन्हेही अदखलपात्र केले. मग ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून कागद फाईलला लागतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तो आदेश मागावा लागतो. मुलाच्या सुरक्षेसाठी मात्र त्याची वाट पाहू नये: १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि बाल कल्याण समितीकडे जावं. वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी, कारण वळ आणि सूज लवकर उतरतात.

स्वीडनने उलट्या बाजूने सुरुवात केली. १९५७ मध्ये दंड संहितेतला आईबापांचा बचाव काढला आणि १९७९ मध्ये थेट बंदी आणली. स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि वेल्सने २१ मार्च २०२२ रोजी ‘वाजवी शिक्षे’चा बचाव रद्द केला. वेल्सचा कायदा तिथे पाहुणे म्हणून आलेल्यांनाही लागू आहे. म्हणजे सुट्टीत नातवंडांकडे गेलेल्या आपल्या आजी-आजोबांनाही.