कॅज्युअल्टीतील परिचारिका

कॅज्युअल्टीतील परिचारिका : रुग्णालयाच्या अपघात व आपत्कालीन विभागात काम करणारी प्रशिक्षित, नोंदणीकृत परिचारिका. सरकारी कागदावर ती ‘अधिपरिचारिका’, ड्युटीच्या तक्त्यावर ‘स्टाफ नर्स’ आणि रुग्णाच्या नातेवाइकांच्या तोंडी ‘सिस्टर’ असते. पुरुष असेल तर ‘ब्रदर’. विभागाचे नावही जागेनुसार बदलते. जिल्हा रुग्णालयाच्या पाटीवर ‘अपघात विभाग’ लिहिलेले असते, मुंबई-पुण्याच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत सगळे ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात आणि नव्या खासगी रुग्णालयांत ‘इमर्जन्सी’. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालयांबद्दल आहे.

या विभागात डॉक्टर सतत बदलत असतात. इंटर्न काही दिवसांपुरते येतात, निवासी डॉक्टर पाळीप्रमाणे वरच्या वॉर्डातून खाली उतरतात. वर्षानुवर्षे तिथेच राहून कोणते औषध कुठल्या खणात आहे, रक्तपेढीत रात्री फोन कोण उचलते आणि दारातून आत येणारा माणूस कितपत आजारी आहे, हे नजरेनेच ओळखणारी व्यक्ती बहुधा परिचारिका असते. या कौशल्याला सेवेच्या रचनेत वेगळे स्थान मात्र फारसे नाही, आणि कॅज्युअल्टीत काम केलेल्या परिचारिकांच्या पुढच्या निवडी बऱ्याच अंशी या विसंगतीतून घडतात.

कामाचे स्वरूप : पहिले काम म्हणजे रुग्णांची निकडीनुसार वर्गवारी, म्हणजे ट्रायाज. लाल रंग तत्काळ उपचारासाठी, पिवळा थोडा वेळ थांबू शकणाऱ्यासाठी, हिरवा चालत-बोलत आलेल्यासाठी. मोठ्या दुर्घटनेत मृतांसाठी काळा. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो बहुतेकदा पिवळ्यात बसतो, आणि कोपऱ्यात घामाने भिजून गप्प बसलेला, ‘थोडी ॲसिडिटी आहे’ म्हणणारा पन्नाशीचा माणूस लाल असतो. त्याचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा, हा जगभर मान्य असलेला दंडक आहे. तो पाळला जाणे हे बरेचसे, त्या माणसाकडे आधी कोणी पाहिले यावर ठरते.

त्यानंतरची कामे एकाच वेळी चालतात : शीर शोधून लाइन लावणे, रक्ताचे नमुने घेणे, ऑक्सिजन, सक्शन, कपडे कापून जखम उघडी करणे, तोंडी मिळालेली ऑर्डर परत म्हणून दाखवून मगच औषध देणे आणि वेळेसकट लिहून ठेवणे. पाळी सुरू होताच क्रॅश ट्रॉली, म्हणजे जीव वाचवण्याची औषधे व साधने ठेवलेली चाकांची गाडी, तपासली जाते. ॲड्रेनॅलिनच्या ॲम्प्युल मोजलेल्या, घशातून श्वासनळी दाखवणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का ते पाहिलेले, हाताने श्वास देण्याची अंबू बॅग दाबून बघितलेली. बाहेरच्याला हे कारकुनी वाटेल. पण लॅरिंगोस्कोपची बॅटरी उतरलेली आहे हे समजण्याची सर्वांत वाईट वेळ म्हणजे श्वास थांबलेला रुग्ण समोर असतानाची.

ग्रामीण महाराष्ट्रात या विभागाचा कस दोन गोष्टींत लागतो, विषबाधा आणि सर्पदंश. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक प्यायलेला किंवा फवारताना अंगावर घेतलेला रुग्ण आला की त्याच्या वासावरूनच अनुभवी सिस्टर ओळखते. लसणासारखा उग्र वास, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस, छातीत घरघर. त्याचे कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो हातमोजे घालून करावा लागतो, कारण विष त्वचेतूनही शिरते. मग या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन. दर पाच मिनिटांनी मात्रा वाढवत न्यायची आणि प्रत्येक वेळी नाडी, बाहुल्या, घाम व छाती पाहायची. छाती कोरडी झाली की रुग्ण ‘ॲट्रोपिनाइज’ झाला, म्हणजे मात्रा पुरेशी झाली. मात्रा जास्त झाली तर ताप चढतो, रुग्ण बरळू लागतो, हवेत बोटांनी काहीतरी वेचू लागतो. या दोन टोकांमधली वाट रात्रभर सांभाळण्याचे काम खाटेशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेचे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा राज्याला या विषाची नव्याने ओळख झाली. तिथल्या परिचारिकांना ते नवीन नव्हते.

सर्पदंशात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर एकच बहुगुणी प्रतिविष वापरतात. ते द्यायचे की नाही हे ठरवणारी एक चाचणी इतकी साधी आहे की तिला प्रयोगशाळा लागत नाही : शिरेतले दोन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त गोठले नसेल तर विष रक्तात भिनले आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर उत्तर चुकते, म्हणून जुन्या परिचारिका काचेच्या नव्या नळ्या ट्रॉलीत वेगळ्या जपून ठेवतात. प्रतिविषाच्या सुरुवातीला साधारण दहा कुप्या जातात आणि त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे ॲड्रेनॅलिन भरलेली सिरिंज हाताशी ठेवूनच सलाइन सुरू होते. कोकणात विंचूदंशाची गोष्ट निराळी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यावर तिथले मृत्यू खूप घटले. ही गोळी दिल्यावर रुग्णाला एकदम उठून बसू द्यायचे नाही, नाहीतर रक्तदाब कोसळतो. आणि त्याला झोपवून ठेवणे म्हणजे आईच्या मांडीवर जायला रडणाऱ्या मुलाला रात्रभर आवरणे.

वर्षभराचे कॅलेंडरही इथे वेगळे असते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात उष्माघात, जूनपासून सर्पदंश, श्रावणात मुंबई-ठाण्यात दहीहंडीवरून कोसळलेले गोविंदा, दिवाळीत भाजलेली बोटे आणि डोळे, उसाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात. मुंबईत लोकलमधून पडलेला माणूस मात्र बारमाही.

कायदेशीर बाजू : मारहाण, अपघात, विषबाधा, भाजणे, लैंगिक अत्याचार अशी प्रकरणे ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून नोंदली जातात आणि पोलीस चौकीला कळवली जातात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले की जीव वाचवणे आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. आजही एखाद्या छोट्या दवाखान्यातून ‘ही पोलीस केस आहे’ म्हणून परत पाठवलेला जखमी सरकारी कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा गेलेला अर्धा तास कोणालाच भरून काढता येत नाही.

परिचारिकेच्या हातून या प्रकरणांत पुरावा जपला जातो किंवा नष्ट होतो. रक्ताने माखलेला शर्ट फाडताना चाकूच्या छिद्रातून कात्री फिरवायची नाही. कपडे फेकायचे नाहीत, वाळवून कागदात बांधून सही घेऊन पोलिसांच्या ताब्यात द्यायचे. जठर धुतलेल्या पाण्याचा पहिला नमुना राखून ठेवायचा. भाजलेल्या विवाहितेचा मृत्युपूर्व जबाब दंडाधिकारी किंवा डॉक्टर नोंदवतात, पण त्याआधी सासरची माणसे खाटेजवळून हलवायची असतात. ते काम सिस्टर करते, बहुधा काहीतरी औषध आणायला पाठवून. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे सगळ्यांसमोर सांगणारी बाई ड्रेसिंग चालू असताना एकटीच असली की हळू आवाजात दुसरेच काही बोलते, आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचवायचे असते.

पाळ्या आणि सुरक्षितता : सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या. रात्रपाळी सर्वांत लांब, बहुतेक ठिकाणी दहा ते बारा तासांची, आणि बदली आली नाही तर ‘डबल’. पाळी संपताना ‘ओव्हर’ द्यावा लागतो; कोणाला काय चालू आहे, कोणाचे रक्त यायचे आहे, कोणाचे नातेवाईक अजून पोचलेले नाहीत. गर्दीच्या दिवशी एका परिचारिकेच्या वाट्याला किती रुग्ण यावेत याला व्यवहारात मर्यादा उरत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ती कायद्याने घातलेली आहे : आपत्कालीन विभागात चार रुग्णांमागे एक परिचारिका, गंभीर जखमीसाठी एकास एक. आपल्याकडे ट्रॉल्या संपल्या की दोन रुग्ण एका ट्रॉलीवर येतात, आणि त्यांच्यामागची सिस्टर तीच असते.

मृत्यूची बातमी डॉक्टर देतात. नंतर तासभर समोर राहते ती परिचारिका, म्हणून राग तिच्यावर निघतो. रुग्णालयातील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये केलेल्या कायद्यात परिचारिकांनाही संरक्षण आहे. गुन्हा अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण हल्ल्याच्या क्षणी कामी येतो तो दारावरचा सुरक्षारक्षक, आणि त्याच्या संख्येबद्दलची मागणी प्रत्येक घटनेनंतर नव्याने करावी लागते. परिचारिकेच्या सुरक्षेचा विषय निघाला की मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची आठवण निघतेच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, जवळपास ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ज्यांनी त्यांना धडधाकट कधी पाहिलेच नव्हते अशा मुलींनीही केली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातील २० गर्भवतींना पँट्रीत हलवून वाचवले. पुढे त्यांनी कसाबला ओळखून न्यायालयात साक्षही दिली. त्यांचा वॉर्ड प्रसूतीचा होता, कॅज्युअल्टीचा नव्हे; संकट दारातूनच आत येते असे नाही.

शिक्षण : तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा पदविका अभ्यासक्रम किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग, त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. पदवी अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतो. भारतीय परिचर्या परिषदेने आपत्कालीन व आपत्ती परिचर्येची एक वर्षाची पदविका आखलेली आहे. डॉक्टरांसाठीही आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून २००९ मध्ये मान्य झाला, म्हणजे हे क्षेत्रच आपल्याकडे तरुण आहे. बरीचशी विद्या आजही एका सिस्टरकडून दुसरीकडे हातोहात जाते.

पद, पगार आणि वाटा : राज्य सेवेत चढण ठरलेली आहे : अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. बालरुग्ण आणि मनोरुग्ण परिचारिका अशी वेगळी पदे आहेत. कॅज्युअल्टीत नेमणूक होते ती सर्वसाधारण अधिपरिचारिकेची. त्यामुळे पाच-सात वर्षांत ट्रायाजची नजर तयार झालेली परिचारिका एका आदेशाने नेत्रविभागात जाते आणि तिच्या जागी नुकतीच रुजू झालेली मुलगी येते. रोटेशनमागचा हेतू समजण्यासारखा आहे. जड काम एकाच्याच माथी पडू नये. तरी ज्यांना राहायचे आहे त्यांना राहू देण्याची सोय असायला हवी, कारण तोटा रुग्णाचा होतो.

सातव्या वेतन आयोगात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. म्हणूनच सरकारी भरतीची जाहिरात निघाली की खासगी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टी रिकाम्या होऊ लागतात. खासगीत पगार पुष्कळच कमी असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने शिफारस केली की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी वेतनाइतके, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये मिळावेत. ती बहुतांशी शिफारसच राहिली. दुसरीकडे सरकारी जागाही कंत्राटदारामार्फत भरण्याच्या हालचालींविरुद्ध राज्यातील परिचारिकांना २०२२ मध्ये संपावर जावे लागले.

कॅज्युअल्टीतून निघणाऱ्या वाटा अनेक आहेत. अतिदक्षता विभागात रुग्ण कमी आणि काम ठरावीक, म्हणून तिशीनंतर काही जणी तिकडे वळतात. एम.एस्सी. करून अध्यापनात गेले की रात्रपाळी सुटते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष व परिचर्या कर्मचारी बंधनकारक केले, त्यामुळे चाकण, वाळूज, बुटीबोरीसारख्या औद्योगिक पट्ट्यांत ड्युटीच्या वेळा आणि मुलांची शाळा यांचा मेळ घालू पाहणाऱ्या परिचारिकांना जागा मिळते. परदेशाची वाट तर कॅज्युअल्टीच्या अनुभवाला विशेष मान देते. आखातात साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, ब्रिटनसाठी संगणकीय चाचणीनंतर प्रात्यक्षिक परीक्षा, अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, जर्मनीसाठी बी-२ पातळीपर्यंत जर्मन. पूर्वी महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत केरळच्या सिस्टरच बाहेर जाताना दिसत. आता सांगली-कोल्हापूरच्या मुलीही संध्याकाळी जर्मनच्या वर्गात असतात.

आणि काही जणी कुठेच जात नाहीत. परिसेविकेची पदोन्नती बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातील रुग्णालयात मिळते. म्हातारे सासू-सासरे, दहावीतला मुलगा, हप्त्याचे घर. त्या लेखी नकार देतात, पुढच्या वर्षी पुन्हा देतात, आणि सकाळी पावणेआठला क्रॅश ट्रॉलीचा खण उघडून ॲम्प्युल मोजतात.