बुद्धविचारांची आंतरराष्ट्रीय शाळा: प्रवेश घेण्याआधी पालकांसाठी माहिती

नमस्कार पालकहो,

शाळानिवडीच्या सल्ल्यासाठी आमच्या सोलापूरच्या कार्यालयात येणारे पालक हल्ली वरचेवर विचारतात, "इंटरनॅशनल बोर्ड आणि सोबत ध्यान, पंचशील, मैत्री शिकवणारी शाळा म्हणजे नेमके काय? आमच्या मुलाला मानवेल का?" एखाद्या घरात आजी रोज वंदना घेते, नातवालाही तो संस्कार मिळावा असे वाटते. दुसऱ्या घराचा बौद्ध परंपरेशी संबंध नसतो. पण पोरगी चिडचिडी झालीय, हातातला मोबाइल सुटत नाही, तिचे मन थोडे थाऱ्यावर यावे एवढीच इच्छा असते. हे पत्रक दोन्ही घरांसाठी आहे.

बोर्ड वेगळे, मूल्ये वेगळी

आधी बोर्डाचे पाहू. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली, केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या पातळीची परीक्षा १९८८ पासून घेतली जाते. पाठांतरापेक्षा प्रकल्प, स्वतः प्रश्न विचारणे आणि लेखी मांडणी यांवर दोन्हींचा भर. नुसते पाटीवर 'इंटरनॅशनल' असले म्हणून बोर्ड आंतरराष्ट्रीय असतेच असे नाही. संलग्नतेचे पत्र मागून घ्या आणि ते कोणत्या इयत्तेपर्यंतचे आहे तेही वाचा.

मूल्ये ही शाळेची स्वतःची निवड असते. थायलंडमध्ये चियांग माई इथे पान्यादेन नावाची आंतरराष्ट्रीय शाळा आहे. तिथे ब्रिटिश धर्तीच्या अभ्यासक्रमात बौद्ध तत्त्वे गुंफलेली आहेत. इमारती माती आणि बांबूच्या आहेत, २०१७ साली उभारलेले क्रीडागृहसुद्धा बांबूचेच. इंग्लंडमध्ये ब्रायटनला १९९४ पासून बौद्ध मूल्यांवर चालणारी एक प्राथमिक शाळा होती, ती २०२० मध्ये बंद झाली. विचार चांगला असला तरी शाळा चालवायला आर्थिक पाया लागतो, म्हणून संस्था किती वर्षे टिकून आहे हेही आम्ही पाहायला सांगतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यना ही ध्यानपद्धती शिकवली जाते, आणि त्याच परंपरेतले आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणे, महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांत 'मित्रा' उपक्रमातून पोहोचले आहे. ते शिकायला लाखोंची फी भरावी लागते, असा समज करून घेऊ नका.

वर्गात ते कसे दिसते

बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, दिलेला उपदेश त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ ग्रंथसंग्रहात आहे. परंपरा सांगते की राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. बुद्ध त्याला विचारतात, "आरसा कशासाठी असतो?" तो म्हणतो, "पाहण्यासाठी." मग बुद्ध सांगतात, तसेच प्रत्येक कृतीकडे पाहावे: करण्याआधी, करताना आणि केल्यावर. याने मला त्रास होईल का, दुसऱ्याला होईल का?

आमच्या मते शाळेची खरी पारख इथेच होते. समजा, तिसरीतल्या मुलाने शेजाऱ्याची कंपासपेटी लपवली आणि विचारल्यावर खोटे बोलला. एखादी शाळा त्याला वर्गाबाहेर उभे करते आणि संध्याकाळी डायरीत लाल शेरा घरी पाठवते. ज्या शाळेत हा विचार मुरलेला आहे, तिथे बाई दोघांना बाजूला बसवतात, थोडा वेळ शांत राहू देतात. मग एकाला विचारतात, "लपवताना मनात काय आलं होतं?" आणि दुसऱ्याला, "पेटी सापडेना तेव्हा पोटात कसं झालं?" पेटी परत करायची जबाबदारी त्या मुलावरच राहते. यात वेळ जातो, पुढचा गणिताचा तास दहा मिनिटे उशिरा सुरू होतो. तो वेळ द्यायची शाळेची तयारी आहे का, ते पाहा.

शाळा बघायला जाल तेव्हा दर्शनी भागातल्या मूर्तीपुढे फार रेंगाळू नका. थेट जेवणाच्या सुट्टीत जा. डब्यातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाहून कुणी नाक मुरडते का, मावशींशी मुले कशी बोलतात, शिक्षकांचा आवाज किती चढतो, हे बघा. आम्हीही आधी तेच बघतो.

ध्यानाने काय होते, काय होत नाही

ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्गात माइंडफुलनेस (चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा सराव) शिकलेल्या मुलांचे मानसिक आरोग्य इतर मुलांपेक्षा सरस ठरले नाही, आणि बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. म्हणून "ध्यानाने मार्क वाढतात" असे सांगणाऱ्या शाळेपासून जपून राहा. शिक्षक स्वतः रोज ध्यानाला बसतात का, हे मात्र जरूर विचारा. ज्या मुलाला झोप लागत नाही, जे सतत घाबरलेले असते, त्याला आधी डॉक्टरांना दाखवा. शाळा बदलणे हा त्यावरचा उपचार नव्हे.

कायद्याचे आणि पुढच्या शिक्षणाचे

संविधानाच्या कलम २८ नुसार मान्यताप्राप्त शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, त्यासाठी पालकांची संमती लागते. वंदना ऐच्छिक आहे का, हे प्रवेशाआधीच लेखी घ्या. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. २०२० च्या राज्य कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, बोर्ड कोणतेही असो. "आमच्याकडे मराठी नसते" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

आयजीसीएसई दहावीच्या समकक्ष धरायला किमान पाच विषयांत 'सी' किंवा त्यावरची श्रेणी लागते. डॉक्टर व्हायचे असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, ते अकरावीपासूनच घेतलेले बरे. आयबीची मे महिन्यातली परीक्षा आणि वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा जवळपास एकाच सुमारास येतात, तो ताण आधीच धरून चला.

सोलापूरकरांसाठी अशी शाळा म्हणजे बहुधा वसतिगृह, पुणे इथून अडीचशे किलोमीटर. संध्याकाळी सहा ते नऊ मुलांपाशी कोण असते, हा प्रश्न आम्ही प्रत्येक शाळेला विचारतो. आमच्या मते दहा वर्षांखालच्या मुलाला घरापासून लांब ठेवू नये, शाळा कितीही चांगली असली तरी.

आमची फी फक्त पालकांकडून घेतली जाते, कोणत्याही शाळेकडून कमिशन घेत नाही. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. येताना जन्मदाखला आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणा. मुलालाही सोबत आणा, अर्धा तास आम्ही त्याच्याशीच बोलतो.