सालीचा अर्क (अर्जुनसाल)

झाडाच्या सालीतले औषधी घटक पाण्यात, दुधात नाहीतर अल्कोहोलमध्ये उतरवून घेणं म्हणजे सालीचा अर्क काढणं. नाशिककडे साल म्हटलं की आधी अर्जुनसादडा (म्हणजेच अर्जुन) आठवतो, नदीनाल्याच्या काठाला वाढणारं उंच झाड, साल बाहेरून गुळगुळीत पांढुरकी आणि आतून गुलाबीसर. त्यानंतर कुडा, बाभूळ, अशोक वगैरे. पंचवटी, भद्रकालीकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात सालीचे तुकडेपण मिळतात आणि भरडपण, तुकडे घेतलेले बरे, कारण भरडीत काय मिसळलंय ते कळत नाही.

आता मेन मुद्दा. जास्त उकळलं की जास्त औषध उतरतं असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, पण तसं नसतं. आधी काय काढायचंय ते ठरवावं लागतं. अर्जुनसालीत टॅनिन भरपूर असतं, म्हणजे वाइन पिताना ज्या तुरट घटकाने जीभ आवळते ना तोच, नाशिककरांना वेगळं सांगायला नको. ते पाण्यात सहज उतरतं. पण अर्जुनोलिक आम्लासारखी ट्रायटर्पीन (सालीतल्या घटकांचा दुसरा एक गट) पाण्यात फारशी विरघळतच नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. आणि नुसतं अल्कोहोल घेतलं तर पाण्यात विरघळणारा माल सालीतच राहतो, म्हणून लॅबमध्ये बहुतेक वेळा 50 ते 70 टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी असं मिश्रण घेतात.

जुन्या लोकांनी हे वेगळ्या वाटेने सोडवलेलं. शार्ङ्गधर संहितेत (आयुर्वेदाचा जुना ग्रंथ) काढ्याचं माप दिलंय, 1 भाग औषध, 16 भाग पाणी, मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं आणि भांडं मातीचं. मातीचंच का ते मला कढईने शिकवलं. घाईत लोखंडी कढईत साल टाकली आणि थोड्या वेळात पाणी शाईसारखं काळं, कारण टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाईच बनते (पूर्वी लिहायची शाई अशीच करायचे), सगळा काढा ओतून दिला, कढई घासताना आईची बोलणी खाल्ली ती वेगळी. स्टील चालतं.

अर्जुनाचा क्षीरपाक, म्हणजे दूध-पाण्यात उकळलेली साल, तर अजून भारी आयडिया आहे. 1 भाग साल, 8 भाग दूध, 32 भाग पाणी, पाणी उडून दूध उरेपर्यंत उकळायचं. दुधातल्या फॅटमध्ये तेलात विरघळणारे घटक उतरायला मदत होते आणि दुधातलं प्रोटीन टॅनिनला धरून ठेवतं म्हणून तुरटपणा कमी लागतो. अरिष्टात, म्हणजे आंबवलेल्या काढ्यात, धायटीची फुलं घालून आंबवतात, म्हणजे अल्कोहोल भांड्यातच तयार होतं आणि तेच अर्क ओढतं.

बाकी फॅक्टर म्हणजे कण, तापमान, वेळ. भरड जाडसर हवी, अगदी पीठ केलं तर गाळताना फडकं बंद होतं. तापमान वाढवलं की अर्क पटकन उतरतो पण फार वेळ तापवला तर पॉलिफेनॉल (टॅनिन त्यातलंच) बिघडतात. अल्ट्रासाउंड किंवा मायक्रोवेव्ह लावला तर तासांचं काम मिनिटांत होतं. हे सगळं एकेक करून तपासत बसलं तर आयुष्य जाईल, म्हणून बॉक्स-बेनकेनसारखी डिझाइन, म्हणजे प्रयोगांची आखणी करायच्या पद्धती, वापरतात (1960 पासून आहे), त्यात तीन-चार गोष्टी एकदम बदलून मोजक्या प्रयोगांत बेस्ट पॉइंट सापडतो. किती उतरलं ते फोलिन-सिओकाल्टो टेस्टने मोजतात, जेवढा निळा रंग गडद तेवढे फिनॉल जास्त.

हार्टच्या गोळ्या चालू असतील तर अर्जुनसालीचा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

साल काढण्यातच अर्धं काम बिघडतं. खोडाला गोल फिरवून सोललं की पानातलं अन्न मुळापर्यंत पोचत नाही आणि झाड उभंच वाळतं, म्हणून एका बाजूची पट्टी काढून बाकीची तशीच ठेवायची. मग सावलीत वाळवायची, आणि श्रावणात काढलेली असेल तर पंख्याखाली पसरा, नाहीतर चार दिवसांत बुरशी धरते.