बायनॉरल ध्वनिमुद्रण: डोकं आधी आलं, रेकॉर्डर मागून

बायनॉरल मुद्रण म्हणजे माणसाच्या किंवा पुतळ्याच्या दोन कानांपाशी दोन माइक ठेवून, हेडफोनवर ऐकण्यासाठी केलेलं मुद्रण. त्याची गोष्ट जुनी आहे. १८८१ साली पॅरिसमध्ये विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर या अभियंत्याने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेने टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले आणि त्यांच्या तारा थेट प्रदर्शनाच्या इमारतीत आणल्या. ऐकणाऱ्याच्या हातात दोन रिसीव्हर दिले जात, एक डाव्या कानाला आणि एक उजव्या. दोन्हींच्या तारा रंगमंचाच्या वेगवेगळ्या बाजूंच्या ट्रान्समीटरना जोडलेल्या असल्यामुळे गायक इकडून तिकडे चालला की आवाजही सरके. मुद्रण अर्थातच नव्हतं, आणि दोन ट्रान्समीटरच्या मध्ये डोकंही नव्हतं. पण दोन कानांना दोन स्वतंत्र तारा ही या सगळ्या प्रकाराची मूळ मांडणी तेव्हाच झाली.

डोकं का हवं, याचं उत्तर १९०७ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी दिलं. दोन कानांत साधारण १७-१८ सेंटीमीटर अंतर असतं. अगदी बाजूने येणारा आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानात सुमारे ०.६५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. खालच्या स्वरांची दिशा आपल्याला या उशिरावरून कळते. साधारण दीड हजार हर्ट्झच्या वर डोक्याची सावली पडते आणि पलीकडच्या कानात आवाज हळू ऐकू येतो. तिथे पातळीतला फरक कामाला येतो. समोर की मागे, वर की खाली, हे मात्र मुख्यतः कानाच्या पाळीच्या, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या सगळ्या कानाच्या, वळ्यांमुळे उंच स्वरांत होणाऱ्या बदलांवरून ठरतं. म्हणून बायनॉरलसाठी माइक सर्व दिशांनी सारखे ऐकणारे लागतात, जोडी जुळलेली लागते आणि ते कानाच्या तोंडाशी बसावे लागतात. समोरचाच आवाज जास्त घेणारे कार्डिऑइड माइक कानात खोचण्याचे प्रयोग अधूनमधून होतात. ते फसतात, कारण दिशा ठरवण्याचं काम डोकं आणि पाळी करतच असतात. माइकने त्यात स्वतःची भर घातली की सगळं बिघडतं.

१९३३ च्या शिकागो जागतिक मेळ्यात बेल लॅबोरेटरीजने ‘ऑस्कर’ नावाचा पुतळा मांडला. लोक हेडफोन लावून त्याच्या कानांनी ऐकत. त्याचे माइक खरं तर कानांत नव्हते, कानांच्या पुढे गालांवर होते. तेव्हाचे माइक कानाच्या भोकाजवळ बसतील एवढे लहानच नव्हते. पुढे हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत डे बूर आणि फरमूलेन यांनीही कृत्रिम डोक्यावर बरंच काम केलं.

सत्तरच्या दशकात डोक्याचा प्रश्न जवळपास मिटला. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘केमार’ हा पुतळा आला. सरासरी प्रौढ माणसाच्या मापांवर बेतलेला हा पुतळा श्रवणयंत्रांच्या चाचणीसाठी होता आणि तो आजही वापरात आहे. १९७३ मध्ये नॉयमानचं केयू-८० हे डोकं बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात दाखल झालं आणि जर्मन रेडिओने त्यावर नाटकं केली. उत्साह फार टिकला नाही. समोरचा आवाज अनेकांना डोक्याच्या आत किंवा मागे ऐकू येई, कारण पुतळ्याची पाळी ऐकणाऱ्याची नसते. शिवाय लाउडस्पीकरवर तेच मुद्रण विचित्र रंगाचं वाजे. नॉयमानने पुढच्या केयू-८१ मध्ये आणि १९९२ च्या केयू-१०० मध्ये डोक्याचा स्वरतोल बदलून, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाला धरून तो सपाट करून, ही दुसरी तक्रार बरीचशी दूर केली. पहिली आजही आहे. डेन्मार्कमधल्या ऑल्बोर्गच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात आणखी एक गोष्ट मोजून दाखवली: कानाचं भोक बुजवून त्याच्या तोंडाशी माइक ठेवला तरी दिशेची सगळी माहिती मिळते. माइक कानाच्या पडद्यापर्यंत आत न्यायची गरज नाही. आज कानात खोचायच्या माइकांमागे हाच आधार आहे.

थोडक्यात, डोक्याचं गणित बरंचसं सुटलं होतं. अडलं ते पिशवीत काय न्यायचं यावर. आज माइक-रेकॉर्डर निवडताना जे प्रश्न डोकं खातात, ते जवळजवळ सगळे जुन्या रेकॉर्डरांनी मागे ठेवलेले आहेत.

सत्तरच्या दशकात बाहेर जाऊन उत्तम स्टीरिओ मुद्रण करायचं म्हणजे कुडेल्स्की यांचा नाग्रा आयव्ही-एस हा टेपरेकॉर्डर. बारा मोठे सेल, खांद्याला झोंबणारं वजन आणि झाकण लावायचं तर ५ इंची रीळ. त्या रिळात जाड फीत ६०० फूट मावते. सेकंदाला ३८ सेंटीमीटर या वेगाने ती ८ मिनिटांत संपते. जंगलात पहाटेची वाट पाहणाऱ्याला ८ मिनिटं म्हणजे काहीच नाही.

वाट मोकळी केली ती इलेक्ट्रेट कॅप्सूलने (कॅप्सूल म्हणजे माइकचा आवाज टिपणारा मूळ भाग). १९६२ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्येच गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पटलाचा माइक केला. कंडेन्सर माइकला बाहेरून द्यावा लागणारा मोठा विद्युतदाब यामुळे टळला. उरली ती आतल्या छोट्या ट्रान्झिस्टरला चालवण्याइतकी वीज: काही व्होल्ट, अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत. माइक वाटाण्याएवढा झाला आणि खऱ्या माणसाच्या कानात बसला. सत्तरच्या दशकातच स्टेथोस्कोपसारखे कानाला अडकवायचे माइक बाजारात आले.

सोबत कॅसेट आली, आणि १९८४ चा सोनीचा डब्ल्यूएम-डी६सी हा वॉकमन प्रोफेशनल बाहेर मुद्रण करणाऱ्यांचा लाडका झाला. पण कॅसेट बायनॉरलशी एका बाबतीत मुळातच वैर धरते. तिच्या स्टीरिओच्या दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांत ०.९ मिलिमीटर अंतर असतं. फीत वाचणारं हेड फक्त एक षष्ठांश अंश तिरकं असलं तरी एक पट्टी दुसरीच्या सुमारे २.६ मायक्रोमीटर पुढे वाचली जाते. फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर धावते, म्हणजे हा फरक ५५ मायक्रोसेकंदांचा झाला. मधोमध असलेला आवाज पाच-सहा अंश बाजूला सरकवायला एवढं पुरतं. एका यंत्रावर केलेलं मुद्रण दुसऱ्यावर वाजवलं की समोरचा माणूस जागा सोडतो, ते यामुळे. जुन्या बायनॉरल कॅसेटी संगणकात उतरवून घ्यायच्या असतील तर आधी त्या कॅसेटपुरता हेडचा तिरकेपणा जुळवून घ्यावा. नंतर सॉफ्टवेअरने सरकवूनही भागतं, पण कॅसेट धावताना तिरकेपणा हेलकावत असेल तर नाही.

१९८७ मध्ये डॅट, म्हणजे फितीवर डिजिटल मुद्रण करणारं यंत्र, आला आणि हा रोग गेला. दमट हवेत मात्र त्याच्या फिरत्या हेडवर बाष्प धरलं की यंत्र दवाची सूचना देऊन थांबायचं. मिनिडिस्क ही छोटी डिजिटल तबकडी १९९२ ची. ७४ मिनिटं, खिशात मावणारी, पण आवाज एट्रॅक पद्धतीने सेकंदाला २९२ किलोबिटवर दाबलेला, आणि २००४ मध्ये हाय-एमडी ही तिची सुधारित आवृत्ती येईपर्यंत मुद्रण संगणकावर न्यायचं तर वाजवूनच उतरवावं लागे. तरीही कानातले माइक लोकप्रिय झाले ते याच यंत्रामुळे. आणि आजचे तीन वारसे याच पिढीने घट्ट केले: ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून माइकला मिळणारी वीज म्हणजे प्लग-इन पॉवर, आपोआप पातळी सांभाळणारं एजीसी, आणि ९ व्होल्टचा बॅटरी बॉक्स.

प्लग-इन पॉवर कुठे कमी पडते ते आकड्यांत पाहा. रेकॉर्डर समजा २.५ व्होल्ट देतो, मध्ये २.२ किलोओहमचा रोध आहे आणि कॅप्सूल ०.४५ मिलिअँपिअर घेते. म्हणजे एक व्होल्ट रोधातच गेला आणि ट्रान्झिस्टरला उरला दीड. आता प्रिमोची ईएम-२७२ ही आजची आवडती कॅप्सूल घ्या. संवेदनशीलता ४० मिलिव्होल्ट प्रति पास्कल (पास्कल हे आवाजाच्या दाबाचं एकक). ११४ डेसिबल म्हणजे १० पास्कल, तिथे ती ०.४ व्होल्ट देते, शेंड्यापासून शेंड्यापर्यंत सुमारे १.१ व्होल्ट. दीड व्होल्टात हे जेमतेम मावतं. १२० डेसिबलला २.२ व्होल्ट लागतात, ते मावणार नाहीत. ढोल-ताशा पथकात उभं राहून केलेलं मुद्रण रेकॉर्डरचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी करूनही फाटलेलंच येतं, कारण फाटतं ते माइकमध्ये, रेकॉर्डरच्या आधी.

बॅटरी बॉक्स याच दुखण्यावरचं औषध होतं. ९ व्होल्टवर कॅप्सूल चालवायची आणि माइकच्या जॅकऐवजी मोठा सिग्नल घेणाऱ्या लाइन-इन जॅकमध्ये घालायची. बॉक्स घरी बनवत असाल तर बॅटरीचा दाब अडवून फक्त आवाज पुढे सोडणाऱ्या जोड-कपॅसिटरकडे लक्ष द्या. १ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहमचा लाइन-इन असेल तर १६ हर्ट्झपासून आवाज मिळतो. ०.१ घातला तर १६० हर्ट्झच्या खाली उतार लागतो आणि ढोलाचा ठोका पोकळ होतो. दणदणाटासाठी मुळात कमी संवेदनशील माइक घेणं केव्हाही बरं. डीपीए ४०६१ हा ६ मिलिव्होल्ट प्रति पास्कलचा माइक त्यासाठीच आहे, पण त्याच्या अ‍ॅडॉप्टरला किमान ५ व्होल्ट लागतात हे विसरू नये.

शांत जागेचं गणित उलटं. पॅनासॉनिकची ६ मिलिमीटरची डब्ल्यूएम-६१ए कॅप्सूल वर्षानुवर्षं हौशी लोकांच्या हातात होती, आता ती बनत नाही. तिचं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ६२ डेसिबल, म्हणजे (९४ डेसिबलच्या प्रमाण आवाजातून ६२ वजा करून) स्वतःचा गोंगाट ३२ डेसिबल. सह्याद्रीतल्या शांत रात्रीपेक्षा तीच जास्त सुसकारते. ईएम-२७२ चं गुणोत्तर ८०, म्हणजे गोंगाट १४ डेसिबल, केयू-१०० च्या १६ पेक्षाही कमी. अडचण आकाराची: १० मिलिमीटरची ही कॅप्सूल लहान कानांत नीट बसत नाही. तिथे सुमारे ६ मिलिमीटरची ईएम-२५८ घ्यावी, गोंगाट २० डेसिबल.

याचा रेकॉर्डरच्या निवडीशी थेट संबंध आहे, आणि खर्च बहुधा इथेच चुकीच्या जागी होतो. ईएम-२७२ चा गोंगाट जॅकवर सुमारे ४ मायक्रोव्होल्ट, म्हणजे उणे १०६ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) भरतो. रेकॉर्डरच्या माइक-इनचा गोंगाट उणे ११२ असला तरी एकूणात भर पडते फक्त १ डेसिबलची. म्हणजे कॅप्सूल तेज असेल तर मध्यम रेकॉर्डर चालतो. जुन्या ६१ए चा गोंगाट तर उणे ९५ च्या आसपास होता. तिच्यासाठी महागडा रेकॉर्डर घेणाऱ्यांचे पैसे वायाच गेले.

२००५ नंतर झूम, एडिरॉल, ऑलिंपस आणि सोनीचे कार्डावर मुद्रण करणारे हातरेकॉर्डर आले. आता ३२-बिट फ्लोटचा, म्हणजे अतिशय हळू ते अतिशय मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावणाऱ्या मुद्रणाचा, जमाना आहे. त्याने गेन लावण्याची चिंता जाते, पण कॅप्सूलमध्ये फाटलेला आवाज कोणताही फ्लोट सांधत नाही. खरेदीआधी जॅक पाहावा. २०२२ च्या झूम एफ३ ला दोन एक्सएलआर (व्यावसायिक माइकच्या तीन टोकांच्या जोडण्या) आणि त्यांतून माइकला मिळणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर आहे, कानातल्या माइकसाठी ३.५ चा जॅक नाही. उघडी कॅप्सूल साध्या वायरने एक्सएलआरला जोडली तर ती मरू शकते. ४८ व्होल्ट उतरवून देणारे दोन अ‍ॅडॉप्टर लागतात. २०२४ च्या झूम एच१इसेन्शियलला ३.५ चा जॅक आणि प्लग-इन पॉवर दोन्ही आहेत, आणि बहुतेकांचं काम तेवढ्यात भागतं. सिलिकोनचे दोन कान आणि मध्ये डोकंच नाही, अशी उपकरणं कुजबुजीच्या व्हिडिओंमुळे खपतात. जवळच्या आवाजाला ती ठीक, पण डोक्याची सावली नसल्याने दूरचं दृश्य पसरट होतं.

बसवताना कॅप्सूल कानाच्या खोलगट भागात, तोंड बाहेर करून, पाळीच्या आत राहील अशी ठेवावी. चष्म्याच्या दांडीवर लावली की पाळीचं काम बाद. वायर कानामागून नेऊन मानेपाशी चिकटवावी, नाहीतर कॉलर घासल्याचा आवाज येतो. जोडी जुळते का पाहायला दोन्ही कॅप्सूल एकमेकींना लागून धरून मीटरभरावरून गोंगाटाची ध्वनिफीत वाजवा. १ डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर तो लिहून ठेवून नंतर भरून काढा. एजीसी बंद, लो-कट (खालचे स्वर कापणारी सोय) बंद. लिमिटरही (फार मोठा आवाज दाबणारी सोय) बंद, कारण दोन वाहिन्यांवर तो वेगवेगळा चालला तर पातळीतला फरक, म्हणजे दिशाच, डोलू लागते. जुन्या काही मिनिडिस्कवर दर वेळी मुद्रण थांबवलं की एजीसी आपोआप परत चालू होई. आजही बॅटरी बदलल्यावर मेनू एकदा तपासावा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला तासाला साधारण १ गिगाबाइट लागतो आणि ४ गिगाबाइटच्या मर्यादेमुळे सुमारे ४ तासांनी फाइल तुटते.

कोकणातल्या पावसाळ्यात कॅप्सूलवर दमट हवा बसली की आधी कुरकुर, मग तडतड सुरू होते, आणि तीही एकाच कानात. माइक सिलिका जेलसह बंद डबीत ठेवावेत आणि गार खोलीतून बाहेर काढल्यावर थोडा वेळ तसेच राहू देऊन मग लावावेत. निघण्याआधी किल्ल्यांचा जुडगा डोक्याभोवती एकदा फिरवून मुद्रण करून ऐकावं. डावं-उजवं उलटं लागलं असेल तर तिथेच कळतं.