घरच्या एव्हिअरीत विदेशी पोपट : नोंदणी कोणाला, परवाना कोणाला, कागद कोणते

आधी देशी पोपटांचं. राघू, पहाडी पोपट, तुईया हे भारतीय वन्यजीव. ते घरी पाळताच येत नाहीत. त्यांची नोंदणी होत नाही, त्यामुळे ‘नंतर कागद करून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे फिरकूही नका.

विदेशी पोपटांचं वेगळं. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि सायटीस (धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) मधल्या प्रजाती अनुसूची ४मध्ये आल्या. या यादीतला जिवंत प्राणी जवळ असेल, तर कलम ४९ एमनुसार नोंदणी सक्तीची आहे. नियम फेब्रुवारी २०२४मध्ये निघाले. आधीपासून पक्षी असणाऱ्यांना सहा महिने मिळाले होते, ते संपले. आता पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा.

बजी, कॉकाटील आणि पीच-फेस लव्हबर्ड सायटीस यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागत नाही. घोळ होतो तो इथेच. फिशर्स आणि मास्क्ड हेही लव्हबर्डच, पण ते सायटीसच्या परिशिष्ट २मध्ये आहेत (परिशिष्ट १ ही सर्वांत कडक संरक्षणाची यादी, परिशिष्ट २ त्याखालची). दुकानातल्या पावतीवर नुसतं ‘लव्हबर्ड’ असतं. शास्त्रीय नाव लिहून मागा. सन कोन्यूर, ब्लू अँड गोल्ड मकाऊ परिशिष्ट २मध्ये. आफ्रिकन ग्रे (२०१७पासून), स्कार्लेट मकाऊ, मोलुक्कन काकाकुवा परिशिष्ट १मध्ये.

अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पक्ष्याचे स्पष्ट फोटो, पायातल्या रिंगचा किंवा मायक्रोचिपचा क्रमांक आणि खरेदीची पावती हाताशी ठेवा. पक्षी आयात केलेला असेल तर सायटीस परमिटची प्रत. २०२०च्या स्वेच्छा-घोषणा योजनेत नोंद केली असेल तर ते प्रमाणपत्र शोधून काढा, जुन्या पक्ष्यांसाठी तोच मोठा आधार. बहुतेक पोपटांत नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून लिंगासाठी डीएनए चाचणीचा अहवाल घ्या. इक्लेक्टसला तेवढी गरज नाही. नर हिरवा, मादी लाल. तपासणीला वनाधिकारी येऊ शकतात, तेव्हा पिंजऱ्यातला पक्षी आणि कागदावरचा क्रमांक जुळला पाहिजे.

जोडी लावणार असाल तर परिशिष्ट बघा. परिशिष्ट १मधल्या प्रजातीचं प्रजनन करायला कलम ४९ एननुसार स्वतंत्र परवाना लागतो. घरी एकच ग्रेची जोडी आहे, विकायची नाही, असं मनाशी धरून गप्प बसण्यापेक्षा अंडी धरण्याआधीच वनविभागाला लेखी विचारलेलं बरं. परिशिष्ट २ला हा परवाना नाही, पण प्रत्येक पिल्लाचा जन्म नोंदवावाच लागतो. क्लोज्ड रिंग (जोड नसलेली अखंड कडी) पिल्लू अगदी लहान, साधारण एक-दोन आठवड्यांचं असतानाच पायात जाते. नंतर पंजा मोठा होतो आणि संधी गेली. मग क्रमांक द्यायला मायक्रोचिपच उरते.

पिल्लू विकलं काय, भाच्याला भेट दिलं काय, हस्तांतर म्हणून ते पोर्टलवर चढवावं लागतं. मृत्यूचीही नोंद लागते. त्यामुळे पक्षी गेला तर घाईघाईने पुरू नका. आधी पशुवैद्याकडून शवविच्छेदनाचा अहवाल घ्या आणि त्याची रिंग काढून जपून ठेवा.